चित्रातला सायकलवाला, पात्रातला रस्ता

नदीकाठच्या कुठल्याही संकल्पचित्रात एक सायकलवाला असतोच. डोक्यावर हेल्मेट, अंगात इस्त्रीचा टी-शर्ट, चेहऱ्यावर घराचे हप्ते फिटल्याचं हसू. एका अंगाला निळंशार पाणी, दुसऱ्या अंगाला एकाच दिवशी जन्मल्यासारखी एकाच उंचीची झाडं. मागे हॉर्न नाही, पुढे खड्डा नाही, समोरून उलट्या दिशेने येणारा टेम्पो नाही. पुण्याच्या मुळा-मुठा नदीकाठ सुधार प्रकल्पाच्या चित्रांतही हा गृहस्थ अशाच थाटात फिरतो. प्रकल्पाची लांबी ४४ किलोमीटर, टप्पे ११, अंदाजित खर्च चार हजार सातशे कोटींच्या घरात. एवढ्या पैशांत माणूस हसणारच.

समजा, एका रविवारी सकाळी हा गृहस्थ फलकावरून खाली उतरला. ज्या काठावर आपण इतकी वर्षं पेडल मारतोय, तो एकदा प्रत्यक्ष बघावा, असं त्याच्या मनात आलं. बेत साधा होता. सिंहगड रस्त्यावरच्या विठ्ठलवाडीपासून निघायचं, मुठेच्या प्रवाहाबरोबर संगमापर्यंत यायचं आणि पुढे बंडगार्डनवरून मुंढव्याला पोचायचं. नदीला उतार असतो, त्यामुळे दमही लागणार नाही, असा त्याचा हिशेब. चित्रातल्या माणसांचे हिशेब असेच असतात.

विठ्ठलवाडीच्या देवळाजवळ त्याने एका काकांना विचारलं, “नदीकाठाने कसं जायचं?”

“काठ शिल्लक असेल तिथून जा. नसेल तिथून रस्त्याने जा,” काका म्हणाले आणि देवाला नमस्कार करून निघून गेले. पुण्यात पत्ता विचारणाऱ्याला इतकं सविस्तर उत्तर क्वचित मिळतं.

या परिसरात नदीबद्दल बोलताना लोक आवाज जरा खाली आणतात. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सोडलेलं पाणी पहाटेच्या अंधारात एकतानगरीतल्या सोसायट्यांमध्ये शिरलं आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. नदीच्या दोन्ही बाजूंना सरकारने दोन रेषा आखलेल्या आहेत. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा नकाशावर फार सुबक दिसतात. अडचण एवढीच, की नदीने नकाशा पाहिलेला नाही आणि ज्यांनी पाहिलेला आहे, त्यांनी त्यावर बांधकाम केलेलं आहे.

राजाराम पुलापासून म्हात्रे पुलापर्यंतच्या डीपी रस्त्याला लागल्यावर सायकलवाल्याला नदी दिसेना. लग्नाची लॉन्स दिसली, मंगल कार्यालयं दिसली, कमानी दिसल्या. नदी यांच्या मागच्या बाजूला असते, म्हणजे जिथे भटारखाना असतो तिथे. नवरा-नवरीचे फोटो हिरवळीवर निघतात आणि खरकटं पाणी कुठे जातं, हे विचारणं शुभकार्यात बरं दिसत नाही. पूररेषेतल्या बांधकामांवर महापालिका अधूनमधून कारवाई करते. मुहूर्त मात्र दरवर्षी निघतात.

म्हात्रे पुलाच्या पुढे त्याला अखेर नदीपात्रात उतरता आलं, आणि तिथे त्याची पुण्याच्या एका खास चिजेशी गाठ पडली. तिचं नाव नदीपात्रातला रस्ता. जगातल्या बहुतेक शहरांत रस्ते नदीच्या काठाने जातात. पुण्याने वेळ वाचवण्यासाठी तो थेट नदीत नेला. पेठांतून डेक्कनकडे जाणाऱ्यांची त्याने सोय केली, गाड्या लावणाऱ्यांची त्याहून जास्त केली आणि संध्याकाळी खायला बाहेर पडणाऱ्यांसाठी तिथे चौपाटीही बसली. समुद्र नसलेल्या गावाची चौपाटी नदीत भरते, यात गैर काही नाही. पाणीपुरीवाल्याने सायकलवाल्याला आपुलकीने सांगितलं, “साहेब, सायकल इथे लावू नका, कारची जागा आहे.”

पावसाळ्यात याच रस्त्यावर पुण्यातली सर्वांत नियमित सार्वजनिक सेवा चालते. खडकवासल्यातून विसर्ग वाढला, की नदीपात्रातली वाहनं काढून घेण्याचं आवाहन होतं. काही जण काढतात. काहींना वाटतं, आवाहन दुसऱ्या गाड्यांसाठी आहे. मग दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाण्यातून फक्त टप वर आलेल्या मोटारीचा फोटो येतो आणि पुण्यात पावसाळा रीतसर सुरू झाल्याची नोंद होते. हवामान खातं मिलिमीटरमध्ये काय सांगायचं ते सांगो, पुणेकर पाऊस भिडे पुलाने मोजतात. बाबा भिडे पूल पाण्याखाली गेला तर पाऊस झाला. नाही गेला, तर ती नुसती रिपरिप.

या पुलावर मात्र सायकलवाल्याला थोडं बरं वाटलं. पूल बुटका, पाणी जवळ. इतकं जवळ, की पाण्याचा वास आला. चित्रात वासाची सोय नसल्याने त्याला हा अनुभव नवा होता. मोटारीत बसून, काचा वर करून, लकडी पुलावरून मुठा ओलांडली तर ती पाच-दहा सेकंदांत संपते आणि रम्य वाटते. सायकलवर ती संपत नाही. नदीच्या तब्येतीचा अहवाल हवा असेल, तर प्रदूषण मंडळाच्या प्रयोगशाळेच्या आधी एक सायकल खरेदी करावी, अशी या सदराची नम्र सूचना आहे.

वासाचं कारण गुंतागुंतीचं नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं पुण्याच्या वरच्या अंगाला आहेत. पावसाळा सोडला, तर नदीचं पाणी धरणांत राहतं, तिथून ते नळांत आणि कालव्यांत जातं, आणि नळांतून गेलेलं पाणी वापर होऊन नदीत परत येतं. म्हणजे आठ महिने मुठेतून जे वाहतं, ते बव्हंशी पुणेकरांनीच पाठवलेलं असतं. हे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये ९९० कोटींची योजना मंजूर केली. जपानच्या ‘जायका’ या संस्थेचं कर्ज, ११ नवी शुद्धीकरण केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. काम पूर्ण करण्याची मुदत होती जानेवारी २०२२. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, ६ मार्च २०२२ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते या योजनेची पायाभरणी झाली. तोपर्यंत खर्च १,४७० कोटींच्या पुढे गेला होता. मुदत संपल्यावर पाया घालण्याचा फायदा असा, की त्यानंतर उशीर झाला असं कुणाला म्हणता येत नाही. त्याच दिवशी नदीकाठ सुधारण्याचीही पायाभरणी झाली. पाणी आधी की काठ आधी, हा वाद त्यामुळे निकालात निघाला, दोन्ही सोबतच.

काठाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असतं, की अहमदाबादला जमलं तर पुण्याला का नाही? आराखडाही अहमदाबादच्याच, साबरमतीच्या काठाचा आराखडा करणाऱ्या संस्थेकडून आलेला आहे. फरक किरकोळ आहे. साबरमतीच्या त्या साडेअकरा किलोमीटरच्या टप्प्यात नर्मदेच्या कालव्याचं पाणी सोडलेलं असतं. मुठेसाठी नर्मदा आणायची तर मध्ये सातपुडा आणि तापी येतात, शिवाय पुणेकरांना ते पाणी आपल्याच टाकीत हवं असेल. म्हणून आराखड्यात बंधारे आहेत. जे आहे ते अडवून ठेवायचं, म्हणजे नदी भरलेली दिसेल. कशाने भरलेली, हे लांबून कळत नाही.

सायकलवाला पुढे निघाला तर डोक्यावर मेट्रो. वनाज ते रामवाडी मार्गाने डेक्कनपासून महापालिकेपर्यंत नदीपात्र धरलं आहे आणि छत्रपती संभाजी उद्यानाचं स्थानक पात्रातच उभं आहे. पात्रात खांब नकोत म्हणून काही नागरिक हरित लवादापर्यंत गेले होते. खांब आले. सायकलवाल्यापुरतं बोलायचं, तर नदीकाठावर त्याला मिळालेली पहिली खात्रीशीर सावली मेट्रोचीच. एकाच उंचीच्या झाडांची नव्हे. झाडांवरून आठवलं, २९ एप्रिल २०२३ रोजी या प्रकल्पात जाणाऱ्या झाडांसाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले आणि ‘चिपको’चं नाव घेत नदीपर्यंत चालत गेले. पुण्यात कुठल्याही मुद्द्यावर दोन माणसांचं एकमत होत नाही, हा समज त्या संध्याकाळी काही तास स्थगित होता.

ओंकारेश्वरापाशी तो पायऱ्यांवर टेकला. शेजारी पंचाहत्तरीचे एक आजोबा बसले होते. त्यांनी सायकलीकडे पाहिलं, गिअर मोजले, किंमत विचारली आणि ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आमच्या वेळी तासाच्या भाड्याने मिळायची. डबलसीट जायचो, डायनॅमो बंद पडला की पोलीस पकडायचा. अख्खं पुणं सायकलवर होतं.”

“मग काय झालं?”

“लुना आली.”

इतिहास इतक्या थोडक्यात शाळेतही शिकवत नाहीत. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, आणि चेतक स्कूटर आणि लुना देशभर नेणाऱ्या कंपन्याही याच परिसरातल्या. २०१८ मध्ये शहरातल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर जाऊन लोकसंख्येच्या पुढे गेली. म्हणजे तान्ह्या बाळाच्या वाट्यालाही एक गाडी आली. त्याच सुमाराला, डिसेंबर २०१७ मध्ये, महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचं सायकल मार्गांचं जाळं होतं. सोबत सार्वजनिक सायकली आल्या. पिवळ्या, केशरी, निळ्या. मोबाइलवरून कुलूप उघडायचं, हवं तिथे जायचं, हवी तिथे सोडून द्यायची. पुणेकरांनी शेवटच्या सूचनेचं काटेकोर पालन केलं. दोन-तीन वर्षांत कंपन्याही सायकली सोडून गेल्या.

आणि चांगले रस्ते? तेही झाले. जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, आणि तिच्या मार्गावरचे रस्ते असे गुळगुळीत झाले, की घरातली म्हातारी माणसं हात लावून बघायला आली असती. त्या रस्त्यांवर खड्डे वर्षानुवर्षं होते, सायकलवालेही वर्षानुवर्षं होते. दुधाच्या किटल्या लावलेले, पेपर टाकणारे, रात्रपाळीचे वॉचमन. त्यांच्यातल्या कुणाकडेच परदेशी पासपोर्ट नव्हता, एवढीच त्यांची चूक.

“तुम्ही १९६१ पाहिलंय?” सायकलवाल्याने उठता उठता आजोबांना विचारलं.

आजोबांनी नुसता हात वर करून घाटापेक्षा कितीतरी उंच एक पातळी दाखवली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटला, आणि पेठांतल्या वाड्यांत पाणी माळ्यापर्यंत गेलं. त्या दिवशी मुठेने आपली रेषा आखली. तिला रंग दिलेला नाही.

शिवाजी पूल, डेंगळे पूल करत तो संगमाला पोचला. मधल्या प्रवासात सांगण्यासारखं फारसं नाही. कुठे राडारोड्याचे ढीग, कुठे पत्रे ठोकून बंद केलेली वाट, कुठे म्हशी. म्हशींनी मात्र त्याला वाट दिली, हे नमूद केलं पाहिजे. संगमावर मुळा येऊन मिळते. जलपर्णी ती स्वतःची आणते. जवळच अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (आता ते विद्यापीठ आहे) बोट क्लब आहे. १९२८ पासून तिथले विद्यार्थी याच पाण्यावर ‘रेगाटा’ करतात, रांगेत नावा वल्हवतात, मशाली पेटवतात, वाहवा मिळवतात. पुण्यात नदीवर मनापासून प्रेम करणारी माणसं शोधायची, तर ती या वल्हेकऱ्यांत सापडतील. त्यांना दुसरा पर्यायही नाही, पण प्रेमात असं असतंच.

बंडगार्डनला मात्र सायकलवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इथे तो स्वतःच्या घरी होता! प्रकल्पाचा पहिला, नमुन्यादाखल केलेला तीनेकशे मीटरचा तुकडा इथलाच. दगडी पायऱ्या, फरसबंदी, बसायला कट्टे, शेजारी १८६७ चा फिट्झेराल्ड पूल. सगळं चित्रातल्यासारखं. त्याने खोल श्वास घेतला आणि लगेच सोडून दिला. मग पेडल मारलं. मिनिटाभरात तुकडा संपला. ४४ किलोमीटरांचं शिवधनुष्य असं मिनिटामिनिटाने उचललं जात असतं. त्याने वळून तोच तुकडा पुन्हा केला, मग आणखी एकदा. कट्ट्यावरच्या एका बाईंनी सुनेला सांगितलं, “बघ, किती व्यायाम करतात लोक.”

मुंढव्याला तो टळटळीत दुपारी पोचला. इथे महापालिकेचं जॅकवेल आहे. खडकवासल्याचं पाणी पुणे मंजुरीपेक्षा बरंच जास्त उचलतं. त्याच्या बदल्यात वर्षाला ६.५ टीएमसी (अब्ज घनफूट) शुद्ध केलेलं सांडपाणी इथून बेबी कॅनॉलमधून हवेली-दौंडच्या शेतीला द्यायचं, असं ठरलेलं आहे. उरलेलं नदीतून भीमेला आणि भीमेतून उजनीला जातं. उजनीचं पाणी सोलापूर पितं. सोलापूरसाठी कुणी सायकलवाल्याचं चित्र काढलेलं नाही.

चहाच्या टपरीवर दौंडकडचा एक शेतकरी बसला होता. सायकलवाल्याने विचारलं, “तुमच्याकडे हे पाणी येतं ना? कॅनॉलच्या कडेने सायकल चालवता येते का हो?”

“येती की,” शेतकरी म्हणाला. “कडंनं वाट चांगली हाय, सावली बी हाय. फक्त येताना पुण्याचं पाणी घिऊन येऊ नका. ते आमच्याकडं रोजचंच हाय. बाटलीतलं आणा.”