कोपऱ्यावरची घरघर

अहो ताई, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, झाड काही पळून जात नाही! पण आधी मला एक सांगा. सकाळी तुमचा धाकटा गाडी काढतो आणि कोपऱ्यावर ब्रेक मारतो तेव्हा घर्रर्र होतं ना, त्यावरून गल्लीत काय काय चाललंय ठाऊक आहे? कोपऱ्यावरचे काका म्हणतात बेअरिंग गेलं. इस्त्रीवाला म्हणतो सायलेन्सर. आणि त्या दोन बंगले सोडून राहणाऱ्या बाई, त्यांनी तर भिशीत सांगूनच टाकलं की गाडी सेकंडहँड घेतली आणि फसले बिचारे!

मी गप्प बसले. पण इतकी वर्षं स्पेअरपार्टच्या दुकानात काउंटरला काढल्यावर कान तयार होतात हो. बेअरिंग गेलं तर पाय ब्रेकवर असो नसो, ते गुणगुणतच राहतं. तुमचा आवाज ब्रेक दाबला की येतो, सोडला की जातो, आणि गाडी हळू होईल तसा घोगरा होत थांबतो. तो डिस्कच्या चऱ्यांचा आवाज. काल गेटाशी गाडी उभी होती तेव्हा चाकाच्या फटीतून डोकावलेच मी. चकचकीत डिस्क, तिच्यावर तिरके चरे, नख रुतेल एवढे खोल. पॅड त्या चऱ्यांवरून जातो म्हणून घरघर. बिघाड नाही, बसवलंय तेच तसं. आणि फक्त पुढच्या चाकांना, बरं का. मागे ड्रमच आहेत, तिथं कसले चरे!

आता हे चरे आले कुठून, तर शर्यतीतून. पूर्वीच्या पॅडमध्ये जी राळ असायची ती फार तापली की तिचा वायू व्हायचा, तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकायचा आणि ब्रेक घसरायचा. वायूला वाट मिळावी म्हणून चरे पाडले. हल्लीच्या पॅडमधून तेवढा वायू निघतच नाही. चऱ्यांचा उपयोग काय, तर पॅडवर चढलेली चकाकी खरवडली जाते, भुकटी निघून जाते, पावसात पाण्याचा थर लवकर पुसला जातो. साताऱ्याच्या पावसात तेवढं कामाचं आहे, नाही म्हणत नाही मी. पण डिस्क चऱ्यांनी थंड राहते असं जे तुमच्या धाकट्याला कुणी सांगितलंय ना, त्यात फार दम नाही. बरं तर बरं, भोकांची नाही घेतली. भोकाच्या डिस्क तापून तापून भोकाशीच तडकतात.

किंमत विचारू नका. म्हणजे मला माहिती आहे, पण तुम्ही विचारू नका. घरात त्याने निम्मीच सांगितली असणार.

तर परवा आला की दुकानात. ‘काकू, पॅड संपले, रेसिंगचे द्या.’ मी म्हटलं, बाळा, इतक्यात संपले कसे? संपणारच ना! ते चरे पॅडला सारखे तासतात. साध्या डिस्कवर टिकतात त्याहून लवकर झिजणार हे धरूनच चालायचं. आणि वर ह्याला हवेत रेसिंगचे! ते पॅड म्हणजे आमच्या सासूबाई होत्या ना, पहिला चहा झाल्याशिवाय हात हलायचा नाही, तसे. काही तर दीड-दोनशे अंश तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत. आणि तुमचा धाकटा जातो कुठं? घर ते पोवई नाका, तिथून एमआयडीसी. त्यात ब्रेक कोमट होतात, बस. सकाळी पहिला ब्रेक लागतो तो ह्या कोपऱ्यावर, तेव्हा शाळेची रिक्षा आडवी आलेली असते. तिथं पॅड तापायची वाट बघत बसणार का कुणी? शिवाय ते चिरकतात वेगळे आणि डिस्क खातात वेगळी.

म्हटलं, बस इथं स्टुलावर, समजून घे. ऑरगॅनिक पॅड मऊ, आवाज नाही, स्वस्त. पण चऱ्यांच्या डिस्कवर भराभर झिजतात आणि घाटात तापले की नांगी टाकतात. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूची भुकटी, तारा वगैरे असतात. ते गरम झाल्यावरही धरून ठेवतात, पण काळी भुकटी इतकी उडते की तुमच्या त्या अलॉय व्हील रोज पुसाव्या लागतील. सिरॅमिक शांत, भुकटी कमी आणि फिकी, रोजच्या गाडीला छान. दाबल्याबरोबर कच्चकन धरत नाहीत, पण सवय होते. माझं विचाराल तर शहरातल्या शहरात गाडी असेल तर चांगले सिरॅमिक. दर शनिवारी कास नाहीतर पाचगणी होत असेल तर रस्त्यावरच्या गाडीचेच, जरा सौम्य सेमी-मेटॅलिक. रेसिंगचे कुणालाच नाहीत. विकले तर पैसे मलाच मिळणार, पण घर्रर्रच्या जोडीला चींऽऽ ऐकणार कोण, मीच ना!

मग त्याला पॅड उलटा करून दाखवला. पाठीच्या पत्र्यावर नाहीतर कडेला नंबर छापलेला असतो, त्याच्या शेवटी दोन अक्षरं येतात. पुष्कळ पॅडवर असतात, सगळ्यांवर नाही. पहिलं अक्षर नेहमीच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर ०.५५ पर्यंत. एफ एफ असेल तर गार-गरम दोन्हीला बरा. पहिलं एफ आणि दुसरं ई आलं की समजायचं, तापल्यावर हा ढिला पडणार. पोरगं खूष झालं, लगेच म्हणतं, मग जी जी द्या! तसं नसतं म्हटलं. ती अक्षरं आवाजाचं सांगत नाहीत, झिजेचं तर मुळीच नाही.

त्याहून मी बघते ती पॅडची कड. चऱ्यांच्या डिस्कला दोन्ही टोकांना उतरती तासलेली कड पाहिजे. कड काटकोनात असली की प्रत्येक चऱ्याला ठेचकाळते, मग थरथर आणि किंचाळणं. पाठीमागे आवाज दाबायचा पातळ पत्रा आहे का तेही बघायचं. गॅरेजवाले घाईत तो काढून फेकतात आणि मग गिऱ्हाईक आमच्याशी भांडतं.

आता तुम्ही म्हणाल, घाटाचं काय. अहो, घाटात निम्म्या वेळेला पॅडची चूकच नसते! आमचे भाऊजी पसरणी घाट उतरत होते, सुट्टीची गर्दी, पाय सारखा ब्रेकवर. खाली येईपर्यंत पेडल मऊ लोण्यासारखं झालं, जळका वास. लगेच पॅड बदलायला आले. मी विचारलं, ब्रेक ऑइल कधी बदललंय? तर म्हणे ते बदलतात होय! ते हवेतली ओल पितं हो. डॉट ४चं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरली की १५५पर्यंत उतरू शकतं. उकळलं की नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक नाही दाबला जात. दोन वर्षांनी बदलायचं, त्याला रेसिंगच्या पॅडपेक्षा कितीतरी कमी पैसे पडतात. आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक पुण्यात नवले पुलाच्या उतारावर काय करतात ते बातम्यांत बघतोच की आपण.

हो, अजून एक राहिलं. नवे पॅड बसवले की लगेच कोपऱ्यावर जाऊन कचकन ब्रेक मारून बघायचा नाही, हे त्याला तुम्हीच सांगा, माझं ऐकायचा नाही. सकाळी लवकर रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत गाडी आणायची, पूर्ण थांबवायची नाही, असं आठ-दहा वेळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. मग ब्रेक न लावता थोडी पळवून गार करायची. तापलेल्या डिस्कवर पाय दाबून सिग्नलला उभं राहिलं की तिथंच ठसा उमटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग माणसं म्हणतात डिस्क वाकली!

बरं, चला, माझं दूध उतू जाईल. दुपारी त्याला दुकानात पाठवा. आणि जुने चारही पॅड घेऊन ये म्हणावं, आतले कुठले आणि बाहेरचे कुठले त्यावर खूण करून. आतला बाहेरच्यापेक्षा फारच जास्त झिजला असला तर कॅलिपरच्या पिना अडकल्यात, मग चऱ्यांना शिव्या देऊन उपयोग नाही आणि पॅड कुठलेही घातले तरी तीच गत. पिना साफ करून ग्रीस लावायला आमचा पोऱ्या अर्धा तास घेतो. डिस्कच्या मध्यावर नाहीतर कडेला ‘मिन’ म्हणून जाडी कोरलेली असते, तीही त्याच वेळी मोजून घेऊ. आणि हो, हे सगळं त्याच्या वडिलांच्या कानावर घाला, फक्त डिस्कची किंमत सोडून.