आधी काचा खाली

श्रीरामपुरात पत्ता वॉर्डाच्या नंबरावर सांगतात. वॉर्ड कुठलाही घ्या, गाडीच्या एसीतलं सगळं कळणारे एक काका तिथे सापडणारच. मार्च उजाडला की त्यांच्या दारातल्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडं असतं आणि बॉनेटखालून फक्त पायजमा दिसतो. जाणारा-येणारा विचारतो, "काय काका, गाडी बिघडली का?" आतून उत्तर येतं, "बिघडू नये म्हणून बघतोय."

काका बहुधा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले असतात. या तालुक्यात ते साहजिकच आहे. हरेगाव, टिळकनगर, अशोकनगर, जिकडे बघाल तिकडे कारखाना किंवा कारखान्याच्या आठवणी. (टिळकनगरचं नाव आता साखरेपेक्षा ब्रँडीच्या बाटलीवर जास्त वाचायला मिळतं, पण तो विषय काकांसमोर काढायचा नाही.) काका पॅन हाउसमधले. उसाचा रस उघड्यावर आटवला तर साखर करपून लाल होते, म्हणून तो व्हॅक्युममध्ये, साठ-सत्तर डिग्रीलाच उकळवतात. व्हॅक्युम, कंडेन्सर, गेज, गळती हे शब्द त्यांच्या तोंडात उभी नोकरी घोळलेले. निवृत्त झाल्यावर गाडी घेतली, बॉनेट उघडलं, तिथे हेच शब्द पुन्हा भेटले आणि काकांची निवृत्ती रद्द झाली.

काकांचं एकही वाक्य चुकत नाही, ही खरी अडचण. चुकत असतं तर लोकांनी चहा पिता पिता ऐकून सोडून दिलं असतं. बरोबर असलेल्या माणसाचं काय करायचं, याला आपल्याकडे काही तोडगा नाही.

आता गॅसचंच घ्या. गावातली बहुतेक माणसं उन्हाळा लागला की गाडीत गॅस भरून घेतात. पापड-कुरडयांसारखं ते वार्षिक कामच होऊन बसलंय. गाडी लावायची, पोरगा एक निळी आणि एक लाल नळी जोडतो, गेजकडे बघून मान हलवतो, डबा उपडा करतो आणि म्हणतो, "झालं. आता चिल्ड मारंल." काका गाडी घेऊन गेले की मात्र संवाद वेगळा होतो.

"गॅस कमी झालाय काका."

"कमी झाला म्हणजे गेला कुठं? पेट्रोल आहे का जळायला?"

पोरगा गप्प.

"बंद नळीतला गॅस आहे बाळा. तोच फिरतो, तोच परत येतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. गळती न शोधता भरलास की जूनपर्यंत गाडी पुन्हा रिकामी. मग मी परत येणार, तू परत भरणार. तुझं चांगलंय."

मग काकांच्या देखरेखीखाली नळ्यांमध्ये नायट्रोजन दाबून भरला जातो, प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावला जातो, आणि कुठल्या तरी दहा-वीस रुपयांच्या रबरी रिंगेपाशी बुडबुडे येतात. रिंग बदलली की व्हॅक्युम पंप. इथे काका स्टूल मागून घेतात. किमान अर्धा तास पंप चालला पाहिजे, कारण आत ओलावा राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात गोठतो, आणि नाही गोठला तर तेलात मिसळून आम्ल होतो आणि आतून खात बसतो. दहाव्या मिनिटाला पोराचा हात बटणाकडे गेला की काका नुसते खाकरतात.

शेवटी गॅस, तोही वजनावर. किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. लहान गाडीला साधारण चारशे-पाचशे ग्रॅम लागतो. काका पिशवीतून काकूंचा स्वयंपाकघरातला वजनकाटा काढतात. "थोडा जास्त टाकतो ना काका, लई गार होईल," असं एका नवख्या पोराने म्हणून पाहिलं. त्याला जास्त गॅसने दाब कसा चढतो, गारवा उलट कसा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर कसा ताण येतो, हे ऐकावं लागलं. ओघात इतिहासही. पूर्वी आर-12 असायचा, त्याने ओझोनच्या थराची वाट लावली, 1987 साली मॉन्ट्रियलला करार झाला, मग आर-134ए आला, आणि स्वस्तात मिळतो म्हणून भलताच गॅस यात मिसळणारा माणूस काकांच्या मते तुरुंगात असायला हवा. पोराने तोवर चौथं गिऱ्हाईक घालवलेलं असतं. हल्ली काकांची गाडी कोपऱ्यावर दिसली की काही गॅरेजांमध्ये अचानक जेवणाची सुट्टी होते.

कंडेन्सर हा काकांचा सर्वांत हळवा भाग. तो असतो रेडिएटरच्या पुढ्यात, जाळीच्या मागे, म्हणजे रस्त्यावरचं जे काही उडेल ते आधी त्याच्या तोंडावर. आणि आपल्या रस्त्यावर काय उडत नाही? हंगामात उसाच्या डबल ट्रॉलीमागे पाच किलोमीटर गाडी चालवली की पाचटाचे तुकडे, कारखान्याच्या धुराड्यातली काजळी, बगॅसचा भुसा आणि शेतातली झाडून सगळी चिलटं त्या बारीक पत्र्यांच्या फटीत जाऊन बसतात. वारा आरपार जाईना झाला की गॅसची उष्णता बाहेर पडत नाही, आणि मालक म्हणतो एसी गेला. वॉशिंग सेंटरवाला फवाऱ्याची बंदूक घेऊन पुढे आला की काका दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभे राहतात. फवाऱ्याच्या जोराने त्या नाजूक पट्ट्या वाकतात. काका स्वतः साध्या नळाच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, मऊ ब्रश पट्ट्यांच्या रेषेत फिरवत, मायेने धुतात. नातवाची अंघोळ त्या मानाने दोन तांब्यांत उरकते.

केबिन फिल्टर मात्र ते सर्वांसमोर काढतात. डॅशबोर्डच्या खणामागून तो चौकोन ओढून बाहेर काढायचा आणि ज्याच्या गाडीतून निघाला त्याच्या नाकासमोर धरायचा. त्यात लिंबाचा पाला, मेलेली झुरळं, एकदा तर उंदराने जमवलेला कापूस निघाला. "हे तुम्ही श्वासातून घेत होता," एवढंच बोलून काका निघून जातात. त्या घरात मग दोन दिवस कुणी गाडीत बसत नाही.

इतकी निगा राखलेला एसी गार किती असेल! असतोच. कारखान्याच्या लॅबमधून निरोप समारंभाच्या दिवशी सोबत आलेला थर्मामीटर जाळीत खोचून काका मोजतात. बाहेर चाळिशी ओलांडलेली असताना सात डिग्री. हा आकडा सगळ्या वॉर्डाला पाठ आहे. अनुभव फार थोड्यांना आहे.

कारण काकांची पद्धत. उन्हात उभ्या गाडीच्या आत साठ डिग्रीच्या आसपास तापमान जातं, तेव्हा बसल्या बसल्या एसी लावणं म्हणजे भट्टीशी झुंज. आधी ती गरम हवा बाहेर काढायची. त्यासाठी एका बाजूची काच खाली करून समोरचा दरवाजा सहा-सात वेळा उघडझाप करायचा, म्हणजे आतली हवा पंपाने ओढल्यागत निघून जाते. स्टेशनबाहेर काका हे करू लागले की रिक्षावाले मोठ्याने मोजतात. मग चारही काचा खाली ठेवून थोडं अंतर गाडी चालवायची. मग काचा वर, एसी चालू, आणि पहिली काही मिनिटं गेल्यावर आतलीच हवा फिरवणारं बटण दाबायचं. हे झालं सुरुवातीचं. शेवटचंही आहे. उतरायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा, म्हणजे कूलिंग कॉइल वाळते. ती ओली राहिली की बुरशी धरते आणि पुढच्या वेळी जाळीतून ओल्या मोज्यांचा वास येतो.

प्रत्येक पायरी शास्त्रोक्त. सगळ्यांची बेरीज दहा मिनिटं. आणि श्रीरामपूर या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाटेत ओळखीचं कुणी भेटलं नाही तर, सात मिनिटांत संपतं.

परवाच्या मे महिन्यात पुण्याचे व्याही-विहीण लग्नाला आले होते. दुपारचा मुहूर्त, विहीणबाईंच्या अंगावर जरीची पैठणी, व्याह्यांच्या अंगावर बंद गळ्याचा कोट.

"गाडीला एसी आहे ना हो?" विहीणबाईंनी बसण्याआधीच विचारलं.

"आहे म्हणजे? सात डिग्री देतो," काका म्हणाले आणि दरवाजा उघडझाप करायला लागले.

मेन रोडपर्यंत काचा खाली. विहीणबाईंचा पदर खिडकीबाहेर, गजरा मानेवर, व्याही कोटासकट वाफाळलेले. मग काचा वर गेल्या. बटण दाबलं गेलं. "आता बघा," काका म्हणाले. जाळीतून पहिली गार झुळूक आली, विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले, आणि काकांनी खट्‌कन एसी बंद केला.

"का हो?"

"कार्यालय जवळ आलं. कॉइल वाळवायची."

कार्यालयाच्या दारात उतरल्यावर काका गुडघ्यावर बसून गाडीखाली वाकून बघत होते. व्याह्यांना वाटलं काहीतरी हरवलं. काका एसीचं पाणी ठिबकतंय का ते पाहत होते. खाली ठिबकलं तर नळी साफ. नाही ठिबकलं तर ते पुढच्या माणसाच्या पायाखाली साठतं. इतक्या थोड्या वेळात ठिबकणार काय? एकच थेंब पडला. काकांनी तो व्याह्यांना दाखवला.

गारवा हवा असेल तर काकांना गावाबाहेर काढावं लागतं. त्यामुळे त्यांच्या घरातली माणसं उन्हाळ्यात फार देवभोळी होतात. शिर्डी चाळीसेक किलोमीटर, शनिशिंगणापूरही चालतं. बाभळेश्वर येईपर्यंत गाडीत शाल लागते. सुनेने या एका वर्षात साईबाबांचं जितकं केलं तितकं तिच्या माहेरी कुणी जन्मात केलेलं नाही.

दुसरी संधी जानेवारीत. हिवाळ्यात एसी बंद ठेवला तर कॉम्प्रेसरमधलं तेल फिरत नाही, सील कोरडी पडतात आणि मार्चात तिथून गळती सुरू होते. म्हणून काका थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी लावतात. गाडी मुळातच थंड असते, त्यामुळे हवा काढायला नको, काचा खाली करायला नकोत. बसल्या बसल्या सात डिग्री. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकांनी गाडीतून पोचवलेल्या बायका वाण घेताना थरथरत असतात, आणि कानटोपी घातलेले काका समाधानाने थर्मामीटर वाचत असतात.

अमेरिकेत 1939-40 च्या सुमाराला पॅकार्ड कंपनीने पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी विकायला काढली. ती काकांची आदर्श गाडी आहे. तिच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर इंजिन थांबवा, बॉनेट उघडा, हाताने पट्टा काढा. "शिस्त होती," काका म्हणतात. त्या गाडीचा एसी फारसा खपला नाही आणि लवकरच बंद झाला, हे ते सांगत नाहीत.

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला, तेव्हा काकांना भरून आलं. उसाच्या ट्रकवाल्याला आता माहिती लागणार! नव्या ट्रकशेजारी उभ्या असलेल्या एका ड्रायव्हरला त्यांनी गाठलंच. काचा, दरवाजा, कॉइल, सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, मी बटण दाबतो. आडसाली उसाच्या फडापासून कारखान्यापर्यंत रांगेत रात्र जाती. गार व्हायला लई टाइम असतो." काकांना पहिल्यांदाच कुणाचा तरी हेवा वाटला.

तेव्हापासून काका श्रीरामपूर वेगळा जिल्हा व्हावा या मागणीत उतरले आहेत. मागणी जुनीच. आहे त्या जिल्ह्याचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण त्याचं विभाजन आहे तिथेच, आणि मुख्यालयासाठी शिर्डी-संगमनेरही दावेदार. काका सभेत पहिल्या रांगेत बसतात. "एमएच-17 कुणाचं? आपलं! आरटीओ आपल्याकडे, रेल्वे आपल्याकडे, मग कलेक्टर का नाही?" लोकांना त्यात अस्मिता दिसते. काकांचं गणित साधं आहे. कलेक्टर कचेरी आली की गाव पसरेल, वसाहती होतील, सिग्नल लागतील, या टोकाहून त्या टोकाला जायला पाऊण तास लागेल. मग काय तो एसी दिसेल लोकांना.

काकू या मागणीच्या विरोधात नाहीत. पण वाट बघत बसायलाही त्या तयार नाहीत. मेन रोडला जायचं असलं की कोपऱ्यावर जाऊन हात करतात. रिक्षाला एसी नसतो, त्यामुळे ती लगेच निघते.