मामींच्या परवानगीने नेटवर्क जोडणे

प्रथम चेन्नईच्या मैलापुरात, कपालीश्वराच्या तळ्याजवळ, घरमालकीण खाली राहते अशी वरची खोली भाड्याने घ्यावी. रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणे ही दुसरी पूर्वतयारी. ती त्यामानाने सोपी.

आमच्या घरमालकीण मामी दाराच्या जाळीच्या आतूनच विचारतात, "यारु?" म्हणजे कोण. मग कुणाकडे, कशाला. कडी त्यानंतर. रायन डाल यांनी २००९ मध्ये जावास्क्रिप्ट चालवणारे नोड आणले तेव्हा ही जाळी बसवायची राहून गेली. स्क्रिप्टच्या मनात आले की ती वाटेल त्या सर्व्हरशी बोलू लागे. २०१८ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये त्यांनी आपल्या चुकांचा पाढा वाचला आणि तिथेच नोडला पर्याय म्हणून डेनो दाखवला. डेनोत स्क्रिप्ट मुळातच कोंडलेली असते. 'अलाउ-नेट' म्हटल्याशिवाय बाहेर पाऊल नाही.

तुमच्या स्वतःच्या प्रोग्रॅमला डेनोचे नुसते नेटवर्किंग हवे असेल, तर 'डेनो_नेट' हे क्रेट, म्हणजे रस्टची लायब्ररी, आणावे. ते एकटे येत नाही. 'डेनो_वेब' आणि 'डेनो_फेच' यांचाही पाहुणचार करावा लागतो. सुरुवातीलाच ते विचारते, कोणत्या मूळ प्रमाणपत्रांवर विश्वास ठेवायचा आणि कोणाच्या प्रमाणपत्रातल्या चुकांकडे डोळेझाक करायची. या दुसऱ्या पर्यायाच्या नावातच 'अनसेफली' आहे. इतका स्पष्टवक्ता पर्याय मी दुसरा पाहिला नाही. तो रिकामा ठेवावा.

आता खुद्द मामी. परवानगी तपासणारे फंक्शन तुम्हीच लिहायचे. त्याच्या हाती होस्ट आणि पोर्ट येतात, तेही डीएनएसला पत्ता विचारण्याआधी. दोन्ही पाहावे. दूधवाल्याला पायरीपर्यंत मुभा आहे, जिन्याला नाही. तसे ४४३ ला सोडले म्हणून ८० ला सोडू नये. युनिक्स सॉकेट म्हणजे घरातल्या घरातले बोलणे, पण ते फाइलच्या वाटेने होते, म्हणून तिथे वाचण्याची आणि लिहिण्याची अशा दोन्ही परवानग्या तपासाव्यात.

नकाराची यादी होकाराच्या आधी पाहावी. डेनोतही 'डिनाय' 'अलाउ'वर मात करतो. माझा एक मित्र मार्गळीतल्या पहाटे मामींच्या ओल्या कोलमवरून, म्हणजे रांगोळीवरून, बुटांसह चालत आला होता. भाडेकरू म्हणून मी त्याला आजही 'अलाउ' करतो. उपयोग शून्य.

हे सगळे माहीत असूनही माणूस काय करतो? फंक्शनच्या पोटात 'ओके' आणि रिकामा कंस लिहितो, वर 'नंतर बघू' अशी कॉमेंट टाकतो आणि कॉफी प्यायला जातो. कंपायलर अडवत नाही. त्याला सही दिसली, पुरे. माझा असा रिकामा कंस सात महिने नांदला.

म्हणून चाचणी करावी, आणि ती नकाराची करावी. यादीत नसलेला होस्ट घेतला, जोडून पाहिला. लगेच जोडला गेला! कंस खोडला, यादी लिहिली, पुन्हा चालवले. या वेळी एरर आली आणि मला कोण आनंद झाला.

त्या भरात मित्राला फोन करून बोलावले. पाऊण तासाने खालून आवाज आला, "यारु?" त्याने नाव सांगितले. बूट हातात घेतलेत, हेही सांगितले.

कडीचा आवाज आला नाही.