वेताळ, बंड्या आणि काका

पुण्याच्या वेताळ टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर आहे. त्यातले 560 मीटर पुणं आधीच चढून बसलेलं असल्याने आपल्या वाट्याला जेमतेम 240 उरतात. परगावच्या पाहुण्याला मात्र पुणेकर 800 हाच आकडा सांगतो.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी आणि बंड्या लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने निघालो. बंड्या अस्सल गावठी. कान उभे, शेपूट वळलेलं. महाप्रस्थानाच्या वेळी कुत्रा धर्मराजाच्या मागून निमूट चालत गेला, असं महाभारत सांगतं. आमच्याकडे कुत्रा पुढे होता आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला फरफटणारा धर्मराज.

पहिल्याच वळणावर माकडटोपी घातलेले एक काका भेटले.

"अहो, पट्टा सैल सोडा. गळा आवळतोय त्याचा."

मी पट्टा सैल सोडला. बंड्या झुडपात शिरला.

"अहो, असा सैल काय सोडताय? टिटव्या जमिनीवर अंडी घालतात. आवळा!"

टेकडीवर एकटा चालणारा माणूस 'नमस्कार'वर सुटतो. कुत्रा बरोबर असला की सल्ला हा येणाऱ्या-जाणाऱ्याचा हक्क होतो. एक बाई पोळी देऊ नका म्हणाल्या, दुसऱ्या पोळीच द्या म्हणाल्या. हास्यक्लबातल्या एका गृहस्थांनी हसणं मध्येच थांबवून जंतांचं औषध विचारलं. काका मात्र या फुटकळ सल्लागारांतले नव्हते. ते सोबतच चालू लागले.

दोन्ही बाजूंना गिरिपुष्प फुललं होतं. पानं झडलेल्या फांद्यांवर नुसती फिकट गुलाबी फुलं. मी "वा!" म्हणालो.

"वा काय? मध्य अमेरिकेतलं झाड हे. वनखात्याने आणून लावलं. उंदीरमारी म्हणतात याला. पाखरंसुद्धा फारशी फिरकत नाहीत. इथे धावडा हवा, सालई हवी, पळस हवा!"

बंड्याने त्याच झाडापाशी जाऊन शांतपणे पाय वर केला.

"बघा!" काका प्रथमच प्रसन्न झाले. "याला कळतं."

एवढ्यात झाडीतून खणखणीत "म्यांव" ऐकू आलं. बंड्या थरारला. इतक्या मोठ्या आवाजाची मांजर त्याने आयुष्यात ऐकली नव्हती. करवंदीच्या जाळीतून मला ओरबाडत त्याने आवाजाचा माग काढला, आणि समोर दीड हात पिसारा ओढत चालणारा निळा मोर! मोराने मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा म्यांव केलं. बंड्या मुकाट्याने माझ्या पायांमागे येऊन बसला. त्याचा जगावरचा विश्वास उडाला होता.

तो परत आला खाणीपाशी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा काळा दगड लोकांनी फोडून नेला आणि मागे खड्ड्यात पाणी साठलं. बंड्याने काठावर मनसोक्त लोळण घेतली आणि अंग झटकायला नेमके काकांचे पांढरे बूट निवडले. आता काही खरं नाही, असं मला वाटलं.

"टॉवेल आणायचा असतो," काका एवढंच म्हणाले.

माथ्यावर वेताळाचं देऊळ आहे. भुताखेतांच्या या राजाला भल्या पहाटे पुणेकर उठवतात आणि त्याच्या दारात सूर्यनमस्कार घालतात. तिथे दोन ज्येष्ठांत वाद पेटला होता. नैऋत्येला धुरकटात दिसतो तो सिंहगडच की दुसरंच काही? सिंहगडावर टॉवर दिसतात, हा मुद्दा एकाचा. आज टॉवर दिसतच नाहीत, हा दुसऱ्याचा. बंड्या दोघांच्या मधोमध बसून बोलणाऱ्याकडे आळीपाळीने बघत होता. इतका समंजस श्रोता दोघांनाही घरी मिळत नसावा. वाद बराच लांबला.

उतरताना काकांनी आंघोळ, नखं, रेबीजची लस आणि लग्न असे उरलेले विषय संपवले. एवढा अभ्यास! मी आदराने विचारलं,

"तुमच्याकडे कुठला कुत्रा?"

"छे हो! आमच्या सोसायटीत कुत्र्यांना बंदी आहे." काकांनी वाकून बंड्याच्या कानामागे खाजवलं. "ठराव मीच मांडला होता."