गाडीचा तलाठी

इलेक्ट्रिक गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये ज्याचे हात सगळ्यात स्वच्छ, त्याचा शब्द शेवटचा. तोंडावर त्याला ‘डायग्नोसिसवाले सर’ म्हणतात आणि पाठीमागे नुसतं ‘लॅपटॉप’. ‘लॅपटॉप कुठाय रे?’ ‘लॅपटॉप जेवायला गेलाय.’ तो जेवून येईपर्यंत चार गाड्या खोळंबलेल्या असतात. तिकडे लिफ्टखाली दोन मेकॅनिक आणि एक हेल्पर सकाळपासून खपत असतात. सर्व्हिस डिस्कनेक्ट उपसून बाजूला ठेवायचा, कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबायचं, हजार व्होल्टचे रबरी हातमोजे चढवून मल्टिमीटर शून्य दाखवतोय ना याची खात्री करायची. मग नारिंगी केबली सोडायच्या, कूलंट काढायचं, जुनी मोटर उतरवून नवी चढवायची आणि टॉर्क रेंचने एकेक बोल्ट ठरल्या मापाला कसायचा. हे सगळं बिनचूक पार पडलं की गाडी पूर्ण तयार होते, आणि चालत नाही. डॅशबोर्डवर जत्रेसारखे दिवे लागतात. लागत नाही तो एकच, ‘रेडी’चा हिरवा. मग साहेब येतात. ड्रायव्हरची सीट मागे सरकवून, एक पाय गाडीबाहेर ठेवून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये केबल खुपसतात. वायफाय या कोपऱ्यात पोचत नाही, म्हणून हेल्परच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेतात. पाऊण तासाने हिरवा दिवा लागतो आणि गिऱ्हाईक ज्याचे आभार मानून घरी जातं, त्याने एकही बोल्ट फिरवलेला नसतो.

या माणसाबद्दल दोन मतं ऐकू येतात. गिऱ्हाइकाला तो फार मोठा इंजिनिअर वाटतो. जुन्या मेकॅनिकला तो बटणं दाबून पगार घेणारा ऐतखाऊ वाटतो. माझ्या मते दोघांचंही निदान चुकलेलं आहे. हा माणूस इंजिनिअर नाही आणि ऐतखाऊही नाही. तो तलाठी आहे. (सरकारने आता तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी केला आहे, पण गावाने अजून केलेला नाही.) जमीन विकत घेतली, पैसे मोजले, खरेदीखत झालं, कुंपण घातलं, तरी गाव नमुना सहामध्ये फेरफार पडून मंडळ अधिकाऱ्याने तो प्रमाणित करेपर्यंत सातबाऱ्यावर मागच्याच मालकाचं नाव असतं. मोटरचंही तसंच. ती बोल्टांनी जागेवर बसलेली असते, पण गाडीच्या दप्तरी अजून जुनीच मोटर नांदत असते. नव्या मोटरची नोंद घालणं हेच या साहेबांचं काम, आणि त्यांचा सगळा रुबाब त्या नोंदीतून येतो.

हे दप्तर असतं कुठे? गाडीत ठिकठिकाणी विखुरलेलं. गाडीचा एकूण कारभार पाहणारं व्हीसीयू, बॅटरीचा हिशेब ठेवणारं बीएमएस, मोटरचा कंट्रोलर, चार्जर, बारा व्होल्टचा पुरवठा करणारा कन्व्हर्टर अशी ही मॉड्यूलं कॅन नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात. ही पद्धत बॉशने १९८६ मध्ये जाहीर केली, पेट्रोलच्या गाड्यांसाठी. कोणतं मॉड्यूल कोणत्या गाडीचं, त्यात सॉफ्टवेअर कोणतं, हे त्याच्या स्मृतीत लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत तिथे चासी नंबरही असतो, सतरा अक्षरी. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच येत नाहीत, कारण एक आणि शून्याशी त्यांचा घोळ होतो. इतका पुढचा विचार नंबर ठरवणाऱ्यांनी करून ठेवला, तरी आमचे साहेब शून्याला ‘ओ’ म्हणूनच वाचतात आणि हेल्पर तो ‘ओ’ इमानदारीने टाइप करतो. नवं मॉड्यूल कोरं आलं किंवा दुसऱ्या गाडीतून निघालेलं असलं की बाकीची त्याला ओळख दाखवत नाहीत. साहेब त्याला ‘व्हीसीयू बोलत नाहीये’ असं म्हणतात, आणि ते अशा स्वरात, की बोलणी त्यांच्या घरातच बंद झाली आहेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हा सगळा कंपन्यांचा पैसे उकळायचा धंदा आहे. पूर्वी पार्ट बदलला की गाडी चालायची. आता पार्टाचे पैसे वेगळे आणि त्याची ओळख करून देण्याचे वेगळे! आक्षेपात तथ्य आहे, पण ते लोक दाखवतात त्या जागी नाही. मोटरचंच पाहू. कायमच्या चुंबकांची मोटर फिरवायची तर त्या क्षणी रोटर नेमक्या कोणत्या कोनात आहे हे कंट्रोलरला कळावं लागतं, आणि ते कळवायला शाफ्टवर रिझॉल्व्हर नावाचा सेन्सर असतो. कारखान्यात कितीही काळजी घेतली तरी रिझॉल्व्हरचं शून्य आणि चुंबकांचं शून्य तंतोतंत जुळत नाही, आणि हा फरक प्रत्येक मोटरचा स्वतःचा असतो. आठ ध्रुवांच्या मोटरमध्ये शाफ्टवरची एका अंशाची चूक विजेच्या हिशेबात चार अंशांची होते. कुणी हा आकडा मोटरच्या लेबलवर छापतं, तर कुणी कंट्रोलरला तो स्वतःच शोधायला लावतं. पण तो कंट्रोलरमध्ये गेलाच पाहिजे. आकडा थोडा चुकला तर करंट जास्त, ओढ कमी आणि मोटर गरम. फारच चुकला तर गाडी धक्के देईल, नाहीतर पुढे जायच्या ऐवजी मागे रेटायला लागेल. ही अडचण कंपनीने बिल वाढवायला शोधून काढलेली नाही. ती धातूची आणि चुंबकाची आहे.

बॅटरीचं प्रकरण आणखी नाजूक. जानेवारी २०२० मध्ये नेक्सॉन ईव्ही बाजारात आली ती ३०.२ किलोवॉट-तासांची एलएफपी रसायनाची बॅटरी घेऊन. हे रसायन दणकट आहे, पण स्वभावाने मितभाषी. भरलेली आणि रिकामी ही दोन टोकं सोडली तर मधल्या मोठ्या पट्ट्यात त्याचा व्होल्टेज जवळपास सपाट असतो. चाळीस टक्के आणि साठ टक्के यांत नुसत्या व्होल्टेजवरून निवाडा करणं कठीण. म्हणून बीएमएस आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याचा जमाखर्च लिहीत बसतं, आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ताळा करतं. अशा बीएमएसचं कार्ड बदललं की वहीच नवी. पॅकची क्षमता किती, त्यातली किती झिजली, हे सांगितलं नाही तर ते बिचारं अंदाजपंचे उत्तर देतं. झिजलेल्या पॅकवर कोरं कार्ड स्वतःला तरुण समजतं आणि खंबाटकी घाटाच्या मध्यावर त्याचा भ्रम फिटतो. उलट पॅक नवा आणि नोंद जुन्या झिजेची राहिली, तर लाखो रुपये मोजलेला मालक डॅशबोर्डवर तीच जुनी रेंज पाहून वर्कशॉपला शिव्या देतो. तेव्हा नोंद हवी. मेकॅनिकने इथे उगीच वाद घालू नये.

पण नोंद आवश्यक आहे म्हणजे ती घालणारा ज्ञानी आहे असं होत नाही, आणि साहेबांची खरी गंमत तिथे आहे. त्यांची पहिली खबरदारी पाहा. बॉनेट उघडून बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीला बाहेरचा पॉवर सप्लाय लावतात. खाली तीनशेहून अधिक व्होल्टचा पॅक आहे, पण प्रोग्रामिंगच्या वेळी त्याचे कॉन्टॅक्टर सहसा उघडे असतात, म्हणजे ती वीज मिळत नाही; सगळी मॉड्यूलं जागी असतात आणि जगतात त्या चिमुकल्या बॅटरीवर. सॉफ्टवेअर लिहिता लिहिता व्होल्टेज पडला की मॉड्यूल अर्धवट राहतं. वर्कशॉपच्या भाषेत ‘ब्रिक होतं’. बहुतेकांत मूळ बूटलोडर शाबूत असल्याने पुन्हा प्रयत्न करता येतो, पण हे साहेब गिऱ्हाइकाला सांगत नाहीत. त्यामुळे पट्टी सरकत असताना कुणी दार आपटायचं नाही, एसी लावायचा नाही, गाडीत चहा आणायचा नाही. साहेबांचा स्वतःचा चहा डॅशबोर्डवर असतो. मग पडद्यावर येतं ‘कंडिशन्स नॉट करेक्ट’. आंतरराष्ट्रीय प्रमाणात या उत्तराला स्वतंत्र क्रमांक आहे, सोळाच्या पायावर मोजलेला २२. फक्त नेमकी कोणती कंडिशन करेक्ट नाही, हे तो क्रमांक सांगत नाही. ‘त्रुटींची पूर्तता करून प्रकरण फेरसादर करावे’, पण त्रुटी कोणत्या त्या तुम्हीच ओळखा. गिअर पार्कमध्ये नसेल, व्होल्टेज कमी असेल, चार्जिंगची गन लावलेली राहिली असेल. साहेब सगळं बंद करून पुन्हा चालू करतात. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं आणि त्यांची कीर्ती वाढते.

आता लेखणी कुणाच्या हातात आहे ते पाहू. मॉड्यूलमध्ये काही लिहायचं तर आधी कुलूप उघडावं लागतं. लॅपटॉप परवानगी मागतो, मॉड्यूल एक आकडा फेकतं, आणि त्या आकड्याचं बरोबर उत्तर दिलं तरच दार उघडतं. काही वेळा उत्तर चुकलं की मॉड्यूल रुसून बसतं आणि ठरावीक वेळ जाईपर्यंत विचारूच देत नाही. हे उत्तर साहेबांना येतं का? मुळीच नाही. आजच्या बऱ्याच गाड्यांत ते लॅपटॉपलाही येत नाही; प्रश्न इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे जातो आणि तिथून उत्तर येतं. साहेब म्हणतात, ‘सर्व्हर स्लो आहे,’ म्हणजे मंडळ अधिकारी जागेवर नाहीत. त्यांच्या शब्दकोशात ‘मला माहीत नाही’ हे वाक्य नाही; त्याऐवजी ‘अपडेट यायचंय’ आहे. पण लॉगिनची मुदत संपली की याच माणसाचं तोंड पाहण्यासारखं होतं. गाडी तीच, केबल तीच, अक्कलही तेवढीच; आणि तरी तो हेल्परइतकाच निरुपयोगी. यावरून त्याची सत्ता ज्ञानाची नाही, परवानगीची आहे, हे सिद्ध व्हायला हरकत नसावी.

कुणी म्हणेल, हा अन्याय आहे; निदान करायला बुद्धी लागते. लागते, आणि ती असलेले लॅपटॉपवाले आहेत. पडद्यावर पी-० ए-ए-६ आला, म्हणजे उच्च दाबाची वीज कुठेतरी बॉडीकडे झिरपते आहे एवढंच कळतं. ती मोटरमध्ये, कंप्रेसरमध्ये की पाणी शिरलेल्या कनेक्टरमध्ये, हे एकेक भाग सोडवून इन्सुलेशन मोजल्याशिवाय कळत नाही. जो उठून मोजतो त्याला माझा नमस्कार. पण मोजायला उठलेला माणूस त्या वेळापुरता मेकॅनिक झालेला असतो. नमुनेदार साहेब उठत नाहीत. ते बसल्या जागी कोड क्लिअर करतात, तो परत येतो, ते परत क्लिअर करतात, आणि शेवटी जाहीर करतात की पॅक बदलावा लागेल.

दुसरा आक्षेप भारदस्त आहे: कुलूप सुरक्षेसाठी आहे. उघडं ठेवलं तर चोर नवी किल्ली बनवतील, हौशी लोक कंट्रोलरची मर्यादा वाढवून घेतील, चोरलेले पॅक सर्रास विकले जातील. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर २०२० मध्ये वाहनांच्या सायबर सुरक्षेचा आणि सॉफ्टवेअर अपडेटचा असे दोन नियम मंजूर झाले, ते अशाच भीतीतून. ही भीती मला मान्य आहे. पण कुलूप असावं हा एक मुद्दा, आणि किल्ली फक्त विकणाऱ्याकडेच असावी हा दुसरा. पहिल्याच्या पाठीवर बसून दुसरा आत येतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल. तेव्हा इलेक्ट्रिक गाडी रस्त्यावर औषधापुरतीच होती. मग अपिलं झाली, ती होतातच. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत मोटारीही होत्या. आणि कुलपाने सगळे थांबतात असंही नाही. निसानच्या लीफ गाडीत दुसऱ्या लीफचा मोठा पॅक घातला तर गाडी तो सहज स्वीकारत नाही, म्हणून परदेशात हौशी लोकांनी बॅटरी आणि गाडी यांच्यामध्ये बसणारं एक छोटं सर्किट केलं. ते दोघांच्या बोलण्यात मध्यस्थी करतं आणि गाडीला पटेल तेवढंच पुढे पाठवतं. सरळ नोंद होत नसली की मधला माणूस उगवतोच, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको.

तेव्हा भांडण साहेबांशी नाही आणि नोंदीशीही नाही. ते वही कुलपात ठेवणाऱ्याशी आहे. आणि तलाठ्याशी केलेल्या या तुलनेत तलाठीच उजवा ठरतो, हे कबूल करायला हवं. राज्यातल्या कोणत्याही गटाचा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो; शेजाऱ्याचासुद्धा, आणि तो बघण्यातच खरी मजा असते. पण स्वतःच्या गाडीत कोणता आकडा होता, तो बदलून कोणता झाला, सॉफ्टवेअर कोणतं गेलं, हे मालकाला छापील कुठे मिळत नाही. बिलावर ‘सॉफ्टवेअर चार्जेस’ एवढी एक ओळ येते. खरं तर साहेबांच्या लॅपटॉपमध्ये आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही अहवाल निघू शकतात, आणि जुना पॅक विकताना किंवा वॉरंटीचा वाद झाला तर तोच कागद उपयोगी पडतो. म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी तो मागावा. साहेब आधी दचकतील, कारण हे त्यांच्याकडे कुणी मागत नाही. मग ‘तसं देता येत नाही’ म्हणतील. त्यावरही हटला नाहीत, तर ते मोबाइल काढतील, लॅपटॉपच्या पडद्याचा तिरपा फोटो काढतील आणि व्हॉट्सॲपवर पाठवतील. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब असेल, डाव्या कोपऱ्यात साहेबांचा अंगठा असेल, आणि रिझॉल्व्हरचा आकडा नेमका त्या अंगठ्याखाली असेल.