कै. ब्रूनो यांच्या रिक्त जागी

ब्रूनो जिवंत होता तोवर आमच्या घरात त्याची ओळख करून द्यायला तीन विशेषणं पुरायची: खादाड, आळशी आणि बिनकामाचा. तो गेला, आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाई फोनवर वन्संना सांगताना मी ऐकलं, ‘राजा माणूस होता गं.’

मेल्या म्हशीला मणभर दूध असतं, हे लहानपणापासून ऐकत आले होते. मेल्या लॅब्रेडॉरला काय काय असतं ते आता कळायला लागलं. हयातीत तो कुणावरही भुंकला नाही. गॅसवाला, कुरियरवाला, निवडणुकीचा उमेदवार, सगळ्यांचं स्वागत तो पोट वर करून करायचा, आणि ‘याला पोसतोय कशाला आपण?’ हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी निघायचा. गेल्यावर तेच ‘माणसं बरोबर ओळखायचा’ असं झालं. आळशी होता त्याचा ‘शांत, समाधानी’ झाला. मोदकांचं प्रकरण तर पार पुराणात गेलं. एका गणपतीत नैवेद्याचे एकवीस उकडीचे मोदक त्याने केळीच्या पानासकट खाल्ले होते. त्या दिवशी सासूबाईंनी त्याला जी नावं ठेवली ती इथे लिहिता येणार नाहीत. भर दुपारी पुन्हा दोन नारळ खवले, पुन्हा उकड काढली, आणि ब्रूनो ओट्याखाली बसून दुसऱ्या घाण्याची वाट बघत होता. आता आल्यागेल्याला त्या सांगतात, ‘बाप्पाने स्वतःच्या आधी त्याला जेवायला घातलं हो.’

त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. तेरा वर्षांचा होता, मूत्रपिंडं थकली होती. दहा-बारा वर्षं हे लॅब्रेडॉरचं सर्वसाधारण आयुष्य, त्याहून तो वर्षभर जास्तच जगला. बाकीचं ज्यांनी कुत्रा पाळलाय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांनी नाही पाळला त्यांना सांगून समजणार नाही.

प्रश्न आला तो विधींचा. सासूबाईंनी गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, श्राद्धात श्वानबली आहे, म्हणजे कुत्र्यासाठी काढून ठेवायचा घास. पण खुद्द कुत्र्याचं श्राद्ध शास्त्रात नाही. ‘धर्मराजाने कुत्र्याशिवाय स्वर्गात पाऊल टाकायला नकार दिला,’ सासूबाई म्हणाल्या, ‘आणि तुम्ही मला कलमं सांगताय?’ मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला. सर्वपित्री अमावास्येला सासऱ्यांच्या पानावर रीतसर वरणभात, खीर, वडे वाढले. शेजारच्या श्वानबलीच्या घासावर मात्र साजूक तुपाची धार जरा सढळ होती आणि वर मारी बिस्किटं रचलेली होती. रिक्षा स्टँडवरचा काळ्या ते सगळं चाटूनपुसून खाऊन गेला. सासऱ्यांच्या पानाला कावळा शिवायला तासभर लागला. ‘ह्यांचं आधीपासून असंच,’ एवढंच त्या म्हणाल्या.

लेकीने दुःखाला आंतरराष्ट्रीय आधार दिला. जपानमधला हाचिको हा कुत्रा मालकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ दहा वर्षं रोज शिबुया स्टेशनवर येऊन त्याची वाट बघत होता. १९३४ मध्ये त्याच्या हयातीतच तिथे त्याचा पुतळा उभारला, आणि पुढच्या वर्षी तो गेला. हे ऐकून सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात चिरंजीवांनी मोबाइलमधून डोकं वर काढून सांगितलं की शवविच्छेदनात हाचिकोच्या पोटात चिकन भाजायच्या काड्याही सापडल्या होत्या. स्टेशनाबाहेरची मंडळी त्याला रोज खायला घालायची. यावर आमच्याकडे जे भांडण झालं त्यात मी कुणाचीच बाजू घेतली नाही. माझ्या मते हाचिको दोन्हीसाठी येत असणार. मीसुद्धा माहेरी आईसाठी जाते आणि तिच्या हातच्या वालाच्या बिरड्यासाठीही जाते, म्हणून काही माझ्या प्रेमाला कुणी खोट काढत नाही.

‘आता पुन्हा कुत्रं नको’ हा ठराव एकमताने झाला होता. तो टिकला नाही याचं पहिलं कारण म्हणजे फरशी. ब्रूनो असताना स्वयंपाकघरात खाली पडलेली वस्तू जमिनीला टेकायच्या आत नाहीशी व्हायची. आता कोथिंबिरीची काडी, शेंगदाणा, पोळीचा तुकडा, सगळं पडल्या जागी पडून राहायला लागलं. बिनकामाचा म्हणवणारा प्राणी तेरा वर्षं बिनपगारी झाडलोट करत होता, हे त्याच्या पश्चात उघडकीला आलं.

दुसरं कारण नवरा. डोंबिवलीत पहाटे साडेपाचला हातात पट्टा धरून फिरणाऱ्या माणसाला समाजात एक स्थान असतं. लोक त्याला ‘ब्रूनोचे बाबा’ म्हणून ओळखत. त्यालाही बाकीचे लोक ‘सीझरचे पप्पा’, ‘कोकोची मम्मी’ असेच माहीत. खरी नावं कुणाचीच कुणाला ठाऊक नव्हती. पट्टा सुटला तसा तो एकदम परका झाला. सवयीने पहाटे बाहेर पडायचा, लोकांच्या फाटकांशी रेंगाळायचा, आणि पुढच्या गल्लीतल्या नव्या वॉचमनने एके दिवशी त्याला ‘किधर जाना है?’ विचारलं. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

ब्रूनो आणला तेव्हा पैसे मोजले आणि पिल्लू घरी आलं, इतकं ते सोपं होतं. आता रस्त्यावरचं पिल्लू दत्तक घ्यायचं, पैसा द्यायचा नाही, म्हणजे आणखी सोपं असेल असा आमचा समज. अंबरनाथच्या एका बाईंनी बांधकामाच्या जागेवरून उचललेली पिल्लं सांभाळली होती. त्या घर बघायला आल्या, आणि पाहण्याचा कार्यक्रमच झाला, फक्त पसंती त्यांची लागणार होती. घर स्वतःचं की भाड्याचं? गॅलरीला जाळी आहे? गावाला गेलात तर कोण बघणार? पुढे परदेशी जायचा विचार? वय झालं की नसबंदी करून घेऊ असं लिहून द्याल? ‘आमच्या लग्नात तुमच्या सासऱ्यांना एवढं विचारलं असतं ना, तर मी आज इथे नसते,’ सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या. पोहे पुढे केले तर बाई म्हणाल्या, ‘छान झालेत. पण कांदा कुत्र्यांना विषारी असतो, माहीत आहे ना? द्राक्षं, चॉकलेटसुद्धा.’

‘इश्श, आमचा ब्रूनो तर कांदाभजी...’ सासूबाईंनी सुरुवात केली आणि नवऱ्याला जोराचा ठसका लागला.

कशाबशा पास झालो. पिल्लू आलं ते तांबूस रंगाचं, मादी, एक कान उभा आणि दुसरा अजून विचार करतोय असा. लेकीने नाव ठेवलं लूना. नवऱ्याचा चेहरा खुलला. ‘लूना? बाबांकडे होती! पेट्रोल संपलं तर पॅडल मारत घरी यायचे.’ लेकीला लॅटिनमधला चंद्र अभिप्रेत होता. तिला मोपेड समजावून सांगण्यात रात्रीचं जेवण गेलं.

सोसायटीत ‘लिफ्टमध्ये प्राणी आणू नयेत’ अशी पाटी लागली. लेकीने भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना छापून आणल्या: सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे तर राज्यघटनेतलं मूलभूत कर्तव्य. हे ऐकल्यापासून सासूबाई लूनाला घेऊन एक मजला उतरायलासुद्धा लिफ्टच वापरतात. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणतात, ‘गुडघे ठीक आहेत. कर्तव्य आहे.’

पण घरात लूनाची अवस्था अवघड होती. प्रत्येक गोष्टीत तिची गाठ एका संताशी पडत होती. ती दुधवाल्यावर भुंकायची, सेक्रेटरींवर भुंकायची, मालिकेत दाराची बेल वाजली तरी भुंकायची. ‘ब्रूनो कसा शांत!’ ती वाडग्यातलं हुंगून निघून जायची. ‘ब्रूनो कसा अन्नाला मान द्यायचा!’ आणि उरलेलं ती लपवून ठेवायची. पुरून ठेवायची ही खोड लांडग्या-कोल्ह्यांपासूनची, पण फ्लॅटमध्ये पुरणार कुठे? सोफ्याच्या फटीत, नवऱ्याच्या बुटात, इस्त्रीच्या कपड्यांत. एका संध्याकाळी सासूबाई जपाला बसल्या, गोमुखीत हात घातला, आणि जपाच्या पहिल्याच मण्याला त्यांचे डोळे उघडले. माळेसोबत सकाळची अर्धी पोळी बाहेर आली, वाळून कडक झालेली, एका कडेला बारीक दातांची नक्षी.

‘ब्रूनोने असं कधी केलं नाही!’

‘आजी, ब्रूनोच्या तावडीतून पोळी उरली कधी?’ चिरंजीव म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण गोमुखी झटकून खुंटीला लावताना त्यांनी ती रोजच्यापेक्षा बरीच वर लावली, आणि ती पोळी लूनाच्या वाडग्यात नेऊन ठेवली.

परवा सोसायटीचं पत्र आलं: आपली कुत्री वेळी-अवेळी भुंकते, यापूर्वीचा आपला कुत्रा अत्यंत सभ्य होता, तरी खुलासा करावा. उत्तर सासूबाईंनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं.

‘आपले पत्र मिळाले. सदर कुत्री भुंकते हे खरे आहे. ती भुंकते तेव्हा जिन्यात कोण असते याची नोंद आम्ही ठेवली असून त्यात आपले नाव सर्वांत जास्त वेळा आले आहे. यापूर्वीचा कुत्रा भुंकत नसे. त्याच्या कारकिर्दीत इमारतीतून दोन सायकली चोरीस गेल्या व दोन्ही वेळा त्याने चोरास शेपूट हलवून निरोप दिला असण्याचा दाट संभव आहे, हे समितीने ध्यानात घ्यावे.’

शेवटचं वाक्य गाळूया का, मी विचारलं. ब्रूनोवर जरा अन्याय होतोय.

‘असू दे,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तो काही वाचणार नाहीये.’