पंधरा ॲम्पियरचा पाहुणा

आमच्याकडे पाहुणा येण्याची कारणं ठरलेली होती. लग्नाची पत्रिका, सोयरीक, तेरवी; आणि कापसाचे पैसे हाती आलेले असले तर काही कारण नसतानाही. मारेगावच्या गुरुजींनी या यादीत एकाची भर घातली. गुरुजी चार्जिंगला येतात.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. मूळचे अजिबात माणसांत न मिसळणारे. नोकरीत असताना कुणाच्या घरी गेलेच तर पायातली चप्पल निघायची नाही. दारातूनच "चहा नको, निघतो" म्हणायचे, आणि खरोखर निघायचे. पुढं पुढं तर ते आलेले दिसले तरी कोणी गॅस पेटवत नसे. पेट्रोलची गाडी होती तोवर मारेगावहून नागपूरला जाताना करंजी, वडकी, हिंगणघाट या सगळ्या गावांत सोयरे असूनही गुरुजींनी कुठं ब्रेक दाबल्याचं कुणाच्या स्मरणात नाही. मग निवृत्तीचे पैसे हाती आले, त्यातून विजेची गाडी आली, आणि माणूस पार बदलला.

गाडी त्यांनी पर्यावरणासाठी घेतली नाही. तो शब्द ते गाडी आल्यावर शिकले. गाडी घेतली ती हिशेबासाठी. एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी गणित मांडलं होतं, ते मी पाहिलं आहे. पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे किलोमीटरला सहा रुपये. घरची वीज आठ-दहा रुपये युनिट, एका युनिटात सात किलोमीटर, म्हणजे सव्वा ते दीड रुपया. जीएसटी फक्त ५ टक्के, रस्ता कर माफ. सगळं बिनचूक. फक्त एका ठिकाणी घोटाळा झाला. एका चार्जिंगमध्ये गाडी २५० किलोमीटर जाते असं पुस्तिकेत होतं, ते त्यांनी खरं धरलं. गणिताच्या मास्तरनं ताळा न करता छापील उत्तर मान्य केलं, याचं त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना अजून नवल वाटतं.

गाडी प्रत्यक्षात जाते पावणेदोनशे. मे महिन्यात एसी लावला की त्याहून कमी. आणि मारेगाव ते नागपूर दीडशेच्या आसपास. या दीडशे आणि पावणेदोनशेच्या मधल्या पंचवीस किलोमीटरांवर गुरुजींचं आजचं सगळं सामाजिक जीवन उभं आहे. कारण नागपूरला पोचता येतं, पण परत यायचं तर वाटेत कुणाच्या तरी दारात गाडी लावावी लागते. आणि घरच्या साध्या १५ ॲम्पियरच्या प्लगवर तासाला जेमतेम तीन युनिटं भरतात. म्हणजे पाहुणा निदान दोन-तीन तास बसणार. जेवणार. लवंडणार. चार्जिंग अर्ध्यावर असताना लाइन गेली तर मुक्कामही करणार.

महामार्गावर आता पेट्रोलपंपांच्या आवारात मोठे चार्जर उभे राहिले आहेत, नाही असं नाही. पण तिथं कधी पुढ्यात ट्रक लागलेला असतो, कधी पडद्यावर नुसतंच गोल फिरत असतं. चालू असलाच तर दर घरच्या दुप्पट. "आपले एवढे सोयरे असताना परक्याले पैसे कायले द्या?" हा गुरुजींचा सवाल. सोयऱ्यांची त्यांना पहिल्यांदाच अशी आठवण आली होती.

त्यांची एक वही आहे. शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली. गाव, नातं, प्लग, अर्थिंग, शेरा असे रकाने. मी ती चोरून वाचली. वडकी, चुलत साळा: प्लग आहे, पण त्यावर कूलर; शेरा, 'उन्हाळ्यात निरुपयोगी'. हिंगणघाट, मावसबहीण: प्लग पहिल्या मजल्यावर, शेरा, 'वायर पुरते, जिना अरुंद'. बोटोणी, व्याही: 'अर्थिंग उत्तम. स्वभाव नाही.' आमच्या वणीच्या घरापुढं काय लिहिलं होतं ते पाहण्याआधीच गुरुजी अंघोळ करून बाहेर आले.

अर्थिंग हा त्यांचा खास विषय. या गाडीच्या चार्जरला एक डबा असतो. घराला नीट अर्थिंग नसेल तर तो लाल दिवा लावून बसतो आणि एक युनिट घेत नाही. आता आमच्या भागात घर बांधताना अर्थिंग कोण पाहतं? वायरमन दोन फूट खोल काहीतरी पुरतो, हळदीकुंकू वाहतो आणि पैसे घेऊन जातो. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात चिकट, उन्हाळ्यात ओलावा गेला की तिला हात जाईल एवढ्या भेगा. कोरड्या मातीतून करंट जमिनीत उतरायचा कसा?

पहिल्यांदा ते आमच्याकडे चार्जिंगला आले ते ऐन मे महिन्यात, दुपारी. डबा लावला. लाल दिवा. गुरुजींनी डिकी उघडली. तिच्यात टेस्टर, मनगटाएवढी जाड वायर, पाण्याचा कॅन आणि खड्याच्या मिठाची पिशवी.

"अर्थिंगचा खड्डा कोठी हाय तुमचा?"

आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एवढी वर्षं त्या घरात राहतो, पण असा काही खड्डा आपल्या मालकीचा आहे याची जाणीव नव्हती. गुरुजी भर उन्हात मीटरच्या खालून निघालेल्या तारेमागं वाकून वाकून निघाले. ती न्हाणीघराच्या मागं, बायकोनं लावलेल्या कढीपत्त्याच्या बुडाशी जमिनीत शिरत होती. त्यांनी काडीनं माती उकरली, मूठ मूठ मीठ सोडलं आणि वर पाणी ओतायला सुरुवात केली. कॅन संपला. मग घरातली एक बादली. मग दुसरी. मे महिन्यात आमच्याकडे बादल्या मोजून वापरतात. बायको दारात उभी राहून त्या मोजत होती. दुसरी बादली मुरली आणि डब्यावर हिरवा दिवा लागला. एवढा आनंद गुरुजींच्या चेहऱ्यावर त्यांच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही नव्हता.

कढीपत्ता त्या उन्हाळ्यात वाळला. मिठाचा विषय कोणी काढला नाही, कारण दुसरीही एक गोष्ट झाली होती. आमच्या लोखंडी कूलरला ओला हात लागला की झिणझिण्या यायच्या, त्या बंद झाल्या. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. आम्ही त्या वाचायचो आणि काठीनं कूलर बंद करायचो. पुढं आम्ही वायरमनला बोलावून नवीन खड्डा केला, कोळसा-मीठ घालून, अंगणाच्या पार टोकाला. गुरुजींच्या वहीतल्या निम्म्याअधिक घरांत अशीच अर्थिंगं झाली आहेत. योजनेविना झालेली ही एकमेव योजना असावी.

विजेचे पैसे द्यायचे म्हणून गुरुजी अडून बसायचे. पाहुण्याकडून पैसे घेणार कोण? मग त्यांनी तोड काढली. दहा युनिटांना एक किलो तूरडाळ, घरच्या तुरीची. चार्जिंग संपलं की मीटर वाचायचा आणि डिकीतून पिशवी काढायची. बारा युनिटं झाली असतील तर "मागचे दोन राह्यले" म्हणून पुढच्या खेपेला दोन मुठी जास्त. एकदा बिल हाती आल्यावर माझी बायको म्हणाली, "गुरुजी, डाळीनं स्लॅब नाही ना जी उतरत." गुरुजींनी बिल घेतलं, चष्मा लावला, शंभर युनिटांच्या वरचा दर पाहिला आणि त्या दिवसापासून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातच आमच्याकडे यायला लागले. त्यानं बिलात काय फरक पडतो ते मला अजून कळलेलं नाही. त्यांना विचारायची सोय नाही, ते समजावून सांगतात.

बोटोणीचं प्रकरण मात्र वेगळं. तिथल्या व्याह्यांशी गुरुजींचं बोलणं लग्नातल्या आहेरावरून तुटलेलं. शेल्याच्या काठावरून, असं म्हणतात. एकदा नागपूरहून येताना समोरून वारा होता, गाडीत तिघं जास्तीचे होते, आणि करंजी सोडली तेव्हा गुरुजींनी "पुरते" असं जाहीर केलं. बोटोणीच्या अलीकडं पडद्यावर ४ टक्के राहिले. चार टक्क्यांत सहा-सात किलोमीटर, आणि मारेगाव त्याहून लांब. गुरुजींनी एसी बंद केला, रेडिओ बंद केला, दिवेसुद्धा बंद करायला निघाले तेव्हा मंडळी म्हणाल्या, "आता वळवा गाडी मुकाट्यानं. शेला मी पाहून घेतो."

व्याही ओसरीवर बसले होते. गुरुजींनी रामराम घातला आणि पहिलंच वाक्य बोलले: "तुमच्याकडं अर्थिंग लय चांगलं हाय म्हणतात." शत्रूकडून झालेल्या स्तुतीला उत्तर काय द्यावं हे व्याह्यांना सुचेना. त्यांनी स्वतः पिठाच्या चक्कीचा प्लग काढून जागा करून दिली. लाइन तासाभरात गेली ती पहाटे आली. तोवर दोघंही अंगणात खाटा टाकून पडले होते आणि सोयाबीनचा भाव, पोरांचे पगार, ढेकर येणं अशा सर्व विषयांवर बोलून झालं होतं. वहीतला शेरा गुरुजींनी खोडला नाही. त्याच्यापुढं कंसात 'सुधारणा आहे' एवढं लिहिलं.

गुरुजींबरोबर प्रवास करणं हा वेगळा अनुभव. ते पन्नासच्या वर जात नाहीत. वेग वाढला की हवा किती पटीनं अडवते याचं सूत्र ते चालवता चालवता सांगतात. उन्हाळ्यात एसी फक्त चढावर बंद असतो असं त्यांचं म्हणणं. पण त्यांच्या मते वणीपासून करंजीपर्यंत सगळा रस्ता चढच आहे. मंडळी ओलं उपरणं डोक्यावर घेऊन मागं बसतात. आणि वाटेत कोळशाचा ट्रक दिसला की गुरुजींना भरून येतं. त्याच्या मागं मागं, त्याच्या आडोशानं गेलं की वाऱ्याचा विरोध कमी लागतो आणि दोन टक्के वाचतात. गाडी पांढरी घेतली होती. आता कोणत्या रंगाची आहे ते आरसी बुकावरून सांगावं लागतं.

यावरूनच त्यांचा एक भाचा चिडवतो. "मामाजी, धूर नाही म्हणता, पण तुमची गाडी चालते कोळशावरच. इकडून वणीचा कोळसा चंद्रपूरच्या केंद्रात जाते, तिथं जळते, अन् तारेतून तुमच्या डब्यात येते." चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं, त्याची राख आणि धूर हा इकडं नवा विषय नाही, आणि भाच्याचं म्हणणं अगदीच खोटंही नाही. पण गुरुजी चाळीस वर्षं वर्गापुढं उभे राहिलेले. ते शांतपणे म्हणाले, "जळते ना? पण कोणाचा? आपल्या वणीचा. तुह्या पेट्रोलसारखा इराकचा तं नाही."

गाडीच्या पाटीनंही बरीच मजा आणली. हिरव्या पाटीवर पांढरे आकडे ही विजेच्या खाजगी गाडीची खूण, हे शहरात ठीक आहे. मार्डीच्या रस्त्यावर हिरवं म्हणजे जंगलखातं. एका शेतकऱ्यानं हात दाखवून गाडी थांबवली आणि गुरुजींना धुऱ्यानं ओढतच शेतात नेलं. रोह्यांनी तूर खाल्ली होती, डुकरांनी बांधाजवळचं सगळं उलथून टाकलं होतं. "साहेब, मागच्या साली पण तुमच्या मानसानं फक्त फोटो काढला!" मी त्या खात्याचा नाही, हे गुरुजींनी सांगून पाहिलं. तो ऐकेना. शेवटी ते धुऱ्यावरच बसले, शर्टाच्या खिशातून कागद काढला आणि त्याला नुकसानभरपाईचा अर्ज लिहून दिला, गट नंबरसह, वळणदार अक्षरात. गाडी सावलीत नव्हती. बॅटरी तापली असेल म्हणून ते दिवसभर हळहळत राहिले, पण अर्ज लिहिताना एक काना चुकू दिला नाही.

सरकारचं २०२५ चं धोरण त्यांना पाठ आहे. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय होणार, हे वाक्य ते करंजी नाक्यावर उभे राहून दोन्ही बाजूंना पाहत म्हणतात. अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला तेव्हा तर त्यांनी पेढे वाटले. एका बाजूचे अडीचशे, जाऊन-येऊन पावणेचारशे वाचतात असं ते ज्याला त्याला सांगतात. मुंबईला ते शेवटचे गेले ते संघटनेच्या मोर्चाला, रेल्वेनं.

परवा मी मारेगावात त्यांच्याकडेच बसलो होतो. फाटकात एक गाडी थांबली. तसाच आवाज नाही, तशीच हिरवी पाटी. मंडळींच्या मामेबहिणीचे जावई, चंद्रपूरहून यवतमाळला निघालेले. नवी गाडी. हसत हसत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "नऊ टक्के राह्यले जी. म्हटलं, मोठे बाबा हायतच." मग डिकी उघडून जाड वायर काढली.

"लाइन नाही," गुरुजी म्हणाले. डोक्यावर पंखा फिरत होता.

मंडळींनी नवऱ्याकडं फक्त पाहिलं, जावयाला प्लग दाखवला आणि कणीक भिजवायला घेतली. जावई जेवायला बसले. गुरुजी हात धुवायच्या निमित्तानं बाहेर गेले ते मीटरपाशी. वांग्याची भाजी आली, तेव्हा पुन्हा गेले. ताक आलं, तेव्हा बॅटरी घेऊन गेले, कारण आता अंधार पडला होता. जावयानं "रात्रभर लावून ठेवतो, सकाळी निघतो" म्हटल्यावर मात्र त्यांच्यानं राहवेना. ते कपाटातून वही घेऊन आले, जावयाशेजारी पाट सरकवून बसले आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"पंचवीस टक्के झाले तुमचे. करंजीपर्यंत आरामात जाते. तिथं माहा साळा राह्यते. त्याचं अर्थिंग आपल्यापेक्षा लय चांगलं हाय."